हात बांधलाय, हप्ता चालू आहे

ताई, नमस्कार. माझं वय 43. नीलम नगरात भाड्याच्या घरात पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीन आणि एक ओव्हरलॉक टाकून शाळेच्या युनिफॉर्मचं जॉबवर्क करतो. कापड आणि कटिंग गारमेंटवाल्या शेठचं, शिलाई माझी. शर्टामागं 32 रुपये. सीझनला दिवसाला वीस-बावीस शर्ट निघतात. 4 एप्रिलला संध्याकाळी स्कूटरवरून बंडल घेऊन येताना एका टेम्पोनं कट मारला. पडलो, उजवं मनगट मोडलं. टेम्पोवाला थांबला, तीन हजार हातात ठेवले आणि "पोलिसात जाऊ नका, लेकराबाळांचा धनी आहे" म्हणाला. मीही म्हणलं जाऊ दे. तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात प्लेट टाकली, 92 हजार खर्च आला. निम्मे मेहुण्यानं दिले. डॉक्टर म्हणतात अजून दीड-दोन महिने मशीनला हात लावायचा नाही. ऐन सीझन गेला. ओव्हरलॉकसाठी बँकेचं मुद्रा कर्ज आहे, महिना 3,400 हप्ता. बायको विड्या वळते, तिच्या नावावर महिला गटाचं कर्ज आहे, महिना 2,150. शेठ उचल द्यायला तयार आहे. एकजण महिना पाच टक्क्यानं 50 हजार देतो म्हणायलाय. धाकटा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात आहे, त्याला मागं कावीळ झाली तेव्हा ईएसआयमधून घरबसल्या पैसे आले. मी 20 वर्षं कष्ट करायलोय, मला सरकारचं काहीच नाही का? हात चालत नाही म्हणून पत्र मुलीकडनं लिहून घेतोय.

एक वाचक, नीलम नगर, सोलापूर

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. अक्षर सुंदर आहे लेकीचं. "मीही म्हणलं जाऊ दे" या चार शब्दांपाशी मी थांबले, कारण तुमच्या सगळ्या पत्रात खरा पैसा तिथं अडकलाय. पण आधी तुम्ही जे विचारलंय ते.

भावाला पैसे का आले आणि तुम्हाला का नाही? भाऊ कामगार आहे. त्याच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का कापला जातो आणि मालक वरून सव्वातीन टक्के भरतो. पगार 12 हजार असेल तर त्याचे 90 रुपये, मालकाचे 390. त्याच्या बदल्यात कामगार राज्य विमा योजना, म्हणजेच तुम्ही म्हणता ते ईएसआय, आजारपणात त्याला रोजच्या पगाराच्या 70 टक्के रक्कम देते, वर्षातून जास्तीत जास्त 91 दिवस. कामावर असताना जखमी झाला तर 90 टक्के. मूळ कायदा 1948 चा, आणि ही सोय मालक-कामगार या जोडीवर उभी आहे. तुम्ही शेठचे शर्ट शिवता, पण शेठच्या हजेरीपटावर तुमचं नाव नाही. मशीन तुमचं, वीजबिल तुमचं, दोऱ्याचं रीळसुद्धा तुमचंच. म्हणून कायद्याच्या लेखी तुम्ही स्वतःचे मालक, आणि या मालकाच्या आजारपणाचा वाटा भरायला कुणी नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात असंघटित कामगारांसोबत स्वयंरोजगार करणाऱ्यांचंही नाव आहे, त्यांच्यासाठी योजना आखाव्यात असं म्हटलंय. म्हटलंय, एवढंच. ई-श्रम कार्ड काढलं नसेल तर काढून ठेवा, फुकट आहे, पुढं काही आलं तर नाव यादीत असेल. पण ते कार्ड दाखवून या महिन्याचा किराणा येणार नाही, हे मी आत्ताच सांगते. त्या कार्डासाठी सेवा केंद्रावर अर्धा दिवस रांगेत उभे राहून रिकाम्या हातानं परतलेली माणसं मी पाहिलीत.

मी स्वतः 19 वर्षं अपघात विम्याच्या दाव्यांच्या टेबलावर काढली. तिथं बसून एक गोष्ट कळली. आपल्याकडं हात गेल्याचे पैसे मिळतात, माणूस गेल्याचे मिळतात, ऑपरेशनचेही मिळतात. हात तीन महिने नुसता बंद राहिला तर त्याचे पैसे देणारं जवळजवळ काहीच नाही. तुमचंच बघा. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालते. मृत्यू किंवा दोन्ही हात-पाय-डोळे गेले तर 2 लाख, एक हात किंवा एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर 1 लाख. मोडलेलं आणि जुळत असलेलं मनगट त्यात बसत नाही. तुमच्या स्कूटरच्या विम्यात मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो, बऱ्याच जणांना तो आहे हेही माहीत नसतं. तोही मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठीच. संजय गांधी निराधार योजना तहसील कचेरीत आहे, पण तिची सर्वसाधारण उत्पन्नाची अट कुटुंबाला वर्षाला 21 हजार, म्हणजे महिन्याला 1,750. तुम्ही अडचणीत आहात, निराधार नाही. तिकडं चकरा मारू नका.

तरी पासबुक काढून बघा. मे अखेरीला 20 रुपयांची नोंद दरवर्षी आहे का? असेल तर ती राहू द्या. देव न करो, पण वर्षभरानं मनगट कायमचं निकामी ठरलं तर त्या 20 रुपयांचा कागद लागेल.

दवाखान्याचे 92 हजार गेले ते गेले, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण ते वाचले असते. महात्मा फुले जनआरोग्य योजना 2024 पासून सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि हाडांची बरीच ऑपरेशनं त्यात येतात. पण ती अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयातच चालते, आणि भरती होताना तिथल्या योजनेच्या माणसाच्या, आरोग्यमित्राच्या, खिडकीवर नोंद व्हावी लागते. आधी खिशातून भरायचं आणि मग बिल दाखवून मागायचं, अशी सोय तिच्यात नाही. पुढं प्लेट काढायची वेळ आली किंवा काही बिघडलं, तर भरती व्हायच्या आधी 155388 ला फोन करून जवळचं अंगीकृत रुग्णालय विचारा, किंवा सरळ सिव्हिलला जा. हात मोकळा झाल्यावरचा व्यायामसुद्धा सिव्हिलच्या फिजिओथेरपी विभागात करून घ्या, खाजगीत दर बैठकीचे पैसे मोजत बसू नका. बाकी वाचकांसाठी एक आत्ताच सांगते: रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्याला ठरवलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार, अशी केंद्राची योजना मे 2025 मध्ये निघाली. 112 ला फोन करायचा. भाऊंना त्या संध्याकाळी हे सांगायला कुणी नव्हतं.

आता त्या टेम्पोकडं येऊ.

रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाला तिसऱ्या माणसाचा विमा काढावाच लागतो. त्या टेम्पोचा तिसरा माणूस तुम्ही. तुमच्या तीन महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचे पैसे देण्याची जबाबदारी कायद्यानं कुणावर टाकली असेल, तर ती त्या टेम्पोच्या विमा कंपनीवर, आणि विमा नसेल तर टेम्पोच्या मालकावर. चालकाच्या लेकराबाळांच्या तोंडचा घास त्यात जात नाही. हे त्यालाही माहीत नसावं, किंवा चांगलंच माहीत असावं. तुम्ही दया दाखवलीत ती विमा कंपनीला.

मोटार वाहन कायद्यात दोन वाटा आहेत. पहिली कलम 164 ची. यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गंभीर दुखापत असेल तर ठरलेले अडीच लाख. हाड मोडणं ही कायद्यानं गंभीर दुखापतच आहे. दुसरी वाट कलम 166 ची. तिथं टेम्पोवाल्याची चूक दाखवावी लागते, पण रक्कम ठरलेली नसते. औषधपाणी, बुडालेली कमाई, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदना, आणि हात पहिल्यासारखा झालाच नाही तर पुढच्या आयुष्याच्या कमाईतली घटसुद्धा मोजली जाते. एका वाटेनं पैसे घेतले की दुसरी मिटते.

तुमचा हिशेब मी कागदावर मांडला. 22 शर्ट गुणिले 32 म्हणजे 704 रुपये रोज. महिन्याला 26 दिवस धरले तर 18,304. तीन महिन्यांचे साधारण 55 हजार, दवाखान्याचे 92 हजार, दोन्ही मिळून दीड लाखाच्या आत-बाहेर. वेदनेचं वेगळं, पण ते कोर्ट ठरवतं. त्या मानानं चुकीचा पुरावा न देता मिळणारे अडीच लाख बरे दिसतात. पण शिंप्याचं सगळं पोट मनगटावर. पट्टी सुटल्यावर मनगट पूर्ण वळलं नाही, कॉलर फिरवताना सुईखाली कापड धरून ठेवता आलं नाही, तर हिशेब पार बदलतो. म्हणून प्लास्टर उतरून महिनाभर व्यायाम होऊ द्या, डॉक्टर काय लिहून देतात ते बघा, आणि मग वाट निवडा. मात्र 166 चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असं कायदा म्हणतो. तुमचे सहा महिने ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतात. गणपती उठले की धावपळ, असं करू नका.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. पोलिसात नोंद नाही. दवाखान्यात तुम्ही काय सांगितलंत? टेम्पोवाल्याला शब्द दिला म्हणून "गाडी घसरली" असं सांगितलं असेल, तर केसपेपरवर तेच असणार. दाव्यांच्या टेबलावर मी पहिल्यांदा तोच कागद उघडायचे. उद्याच्या उद्या दवाखान्यात जाऊन सगळ्या कागदांच्या प्रती मागा: केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, प्रत्येक बिल. प्लेटच्या डब्यावरचं स्टिकर फाईलला चिकटवलेलं असतं, त्याचीही प्रत घ्या. मग जिथं पडलात त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जाऊन खरं जे घडलं ते सांगा, उशीर का झाला तेही सांगा. उशिरा तक्रार दिली म्हणून ती खोटी ठरत नाही, उशिराचं कारण मात्र पटलं पाहिजे. तुमचं कारण खरं आहे: समोरच्यानं हात जोडले, तुम्ही विरघळलात, आणि मग ऑपरेशन. ठाण्यात घेतलं नाही तर आयुक्तालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. केसपेपरवर काही वेगळं लिहिलं असेल तर ते खोडायला किंवा कुणाकडून बदलून घ्यायला जाऊ नका. त्यानं खरी केससुद्धा बुडते.

टेम्पोचा नंबर लिहून घेतलात का, हे पत्रात नाही. नसेल तर ज्यांनी तुम्हाला उचललं त्यांना गाठा. टपरीवाला, समोरचा दुकानदार, कुणीतरी असतंच. शर्टाची बंडलं रस्त्यावर विखुरली असतील तर ती गोळा करणारा तर नक्की लक्षात असेल. दुकानांच्या कॅमेऱ्याचं फुटेज आता पुसलं गेलेलं असण्याची शक्यता जास्त, तरी विचारा. नंबर काही केल्या मिळालाच नाही आणि पोलिसांनाही वाहन सापडलं नाही, तर अज्ञात वाहनाच्या अपघातासाठी वेगळी योजना आहे, गंभीर दुखापतीला 50 हजार. ती शेवटची. माहीत असलेल्या टेम्पोला अज्ञात म्हणू नका.

वकिलासाठी कर्ज काढू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महाराष्ट्रात वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्याला तिथं मोफत वकील मिळतो. बारा महिने सीझन धरला तरी तुमची कमाई सव्वादोन लाखांच्या आत येते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या. आणि दवाखान्याच्या दारात "केस लावून देतो, आलेल्यातले तीस टक्के माझे" म्हणणारे भेटतील, त्यांना चहासुद्धा पाजू नका. टक्क्यावर फी ठरवायची वकिलाला परवानगीच नाही.

कमाई सिद्ध कशानं करायची? तुम्ही कधी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं नसणार. पण प्रत्येक जॉबवर्कवाल्याकडं असते तशी वही तुमच्याकडंही असणार: तारीख, बंडल नंबर, साईज, किती पीस, दर, जमा, बाकी. तिला प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कपाटात ठेवा. 4 एप्रिलनंतरची कोरी पानं फाडू नका, त्यावर दूध-किराण्याचा हिशेब लिहू नका. ती कोरी पानंही पुरावा आहेत. शेठकडून मागच्या वर्षीची चलनं आणि "हा माणूस अमुक वर्षांपासून माझ्याकडं या दरानं शिवतो" एवढा सहीचा कागद घ्या. फोनवर पैसे आले असतील तर बँकेचा वर्षभराचा उतारा काढा.

हे सगळं खरं, पण अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचे पैसे या महिन्यात येणार नाहीत, या दिवाळीलाही येतील असं मी म्हणणार नाही. तोवर घर चालायला हवं.

पाच टक्केवाल्याला आजच नाही म्हणा. 50 हजारांवर महिना पाच टक्के म्हणजे 2,500 रुपये व्याज. आपल्याकडं सगळे म्हणतात "गड्ड्याच्या जत्रेपर्यंत फेडून टाकू". जूनला घेतलेत तर जानेवारीत गड्डा भरेपर्यंत 17-18 हजार व्याज गेलेलं असेल आणि मुद्दल 50 हजार तसंच उभं. त्याच्याकडं सावकारीचा परवाना आहे का? परवान्याशिवाय सावकारी करणं 2014 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टँपवर सही मागणारा माणूस परवानाधारक असो नसो, तिथून उठून यायचं. माझे वडील साखर पेठेत हातमाग चालवायचे. टायफॉईडनं दोन महिने पडले तेव्हा आईनं असंच कुणाकडून काहीशे रुपये घेतले. मी चौथीत होते. फिटले तेव्हा नववीत.

त्यापेक्षा वहिनींचा पीएफ बघा. विड्या वळणाऱ्या बायकांचा पीएफ कापला जातो, आणि घरातल्या माणसाच्या मोठ्या आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते. तो म्हातारपणाचा पैसा आहे, म्हणून पहिल्यांदा त्याला हात लावा असं मी म्हणत नाही. पण पाच टक्के आणि पीएफ यात निवडायचं असेल तर पीएफ. घरात थोडं सोनं असेल तर बँकेतलं सोनेतारण कर्जसुद्धा त्या माणसापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

मुद्रा कर्जाच्या बँकेत हप्ता चुकायच्या आधी जायचं. लोक उलट करतात: तीन हप्ते चुकवतात, फोन उचलत नाहीत, मग नोटीस आल्यावर जातात. 90 दिवस थकलं की बँकेच्या वहीत तुमचं खातं बुडीतच्या रांगेत जातं, आणि मग साहेबाची इच्छा असली तरी हात बांधले जातात. तुमचा एक आधीच बांधलाय. अर्ज असा लिहा, लेकीला सांगा:

"माझ्या मुद्रा कर्जाचा हप्ता 3,400 रुपये मी आजवर नियमित भरला आहे. 4 एप्रिल रोजी अपघातात उजवं मनगट मोडल्याने मला शिलाईचे काम करता येत नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तीन महिने हप्ता थांबवून कर्जाची मुदत तेवढी वाढवून मिळावी, अथवा तीन महिने फक्त व्याज भरून घ्यावे."

दोन प्रती, एकीवर बँकेचा शिक्का. तोंडी "बघू" म्हणाले तर ते उत्तर धरू नका. ते मान्य करतीलच असा नियम नाही, पण व्याजापुरतं तरी भरत राहिलेल्या आणि स्वतः चालत आलेल्या माणसाशी व्यवस्थापक वेगळं बोलतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आणि हो, "आजवर नियमित" हे खरं असेल तरच लिहा.

गटाच्या कर्जाचं दुखणं वेगळं. तिथं वसुलीला येणारा माणूस कमी बोलतो, शेजारच्या बायका जास्त बोलतात. वहिनींनी गटाच्या बैठकीत हप्त्याच्या दिवशी रडत सांगण्यापेक्षा आत्ताच एक्स-रे घेऊन जाऊन सांगावं. वसुलीवाल्यानं सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर त्रास द्यायचा नाही, अपशब्द वापरायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. आणि कर्जाचे कागद काढा. काही संस्था कर्ज देतानाच हॉस्पिकॅशच्या नावानं थोडे पैसे कापून घेतात आणि सांगत नाहीत. त्यात बहुतेकदा नवराही धरलेला असतो, आणि दवाखान्यात काढलेल्या दर दिवसाला ठरावीक रक्कम मिळते. असेल तर डिस्चार्ज कार्ड घेऊन लगेच दावा टाका, मुदत थोडी असते.

शेठच्या उचलीला माझा नकार नाही, पण उचल घेताना पुढच्या सीझनचा दर बोलून घ्या. आज 20 हजार उचल, आणि डिसेंबरात "भाऊ, यंदा 28 नं करून द्या" असं झालं तर बिनव्याजी म्हणवणारी ती उचल सगळ्यात महाग पडली. 32 चा दर, उचलीची रक्कम आणि शर्टामागं किती कापायचे, हे वहीत लिहून शेठची सही. सही मागायची लाज वाटेल. वाटू दे.

आणि ती मशीनं थंड पडली असतील तर हा सीझनचा गुन्हा आहे! अजून शाळा उघडायला तीन आठवडे आहेत. शहराच्या पूर्व भागात हाताला काम शोधणारा कारागीर मिळत नाही असं होत नाही. त्याला बसवा, बंडल तुमच्या नावावर आणा, 32 मधले त्याचे त्याला द्या, राहतील ते तुमचे. डाव्या हातानं धागे काटता येतात, साईजप्रमाणं गठ्ठे लावता येतात, माल तपासता येतो. पण मशीनवर "थोडंसंच बघतो" म्हणून बसायचं नाही. पायानं मशीन चालवली तरी कापड ओढतं मनगटच. दीड महिना लवकर बसून आयुष्यभराचं वाकडं मनगट घेतलेले दोन कारागीर मला माहीत आहेत.

हात बरा झाल्यावर एक काम करा. "सरल सुरक्षा विमा" नावाची अपघात पॉलिसी 2021 पासून आहे, विमा नियामकानं मजकूर ठरवून दिलेली. त्यात तात्पुरत्या पूर्ण अक्षमतेचं जोडकलम मागून घ्यायचं. एजंट स्वतःहून सांगत नाही, त्याला त्यात फार मिळत नाही. ते घेतलं की अपघातानं काम बंद पडल्यास दर आठवड्याला विमा रकमेच्या 0.2 टक्के मिळतात, 100 आठवड्यांपर्यंत. 10 लाखांची पॉलिसी असती तर या एप्रिलपासून आठवड्याला 2,000 आले असते. दोन्ही हप्ते त्यात निघून वर काही उरलं असतं. अर्ज करताना व्यवसाय "शिलाई काम, स्वतःचा" असाच लिहा. भावासारखी कावीळ झाली तर मात्र ही पॉलिसी उपयोगाची नाही, ती फक्त अपघाताला. आजारपणात घरी पडून असलेल्या स्वतंत्र कारागिराला आठवड्याचे पैसे देणारी साधी पॉलिसी मी तरी तुम्हाला दाखवू शकत नाही. त्यासाठी शर्टामागं एक रुपया वेगळ्या खात्यात, एवढाच उपाय मला सुचतो. जनधन खातं असेल आणि ते नीट चालवलेलं असेल तर 10 हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टची सोयही असते, तेही विचारा.

पत्राच्या अगदी तळाला, सहीच्या खाली, बारीक अक्षरात एक ओळ आहे. ती तुम्ही सांगितलेली नाही, जिनं लिहिलं तिची आहे, आणि ती मी छापलेली नाही. पण उत्तर देते. बाळ, शाळा-कॉलेज उघडेपर्यंत मशीनवर बसायचं असेल तर बस, ओव्हरलॉक तुला येत असेलच. कॉलेज उघडलं की उठायचं. आईच्या विडी कामगार कार्डावर तुला शिष्यवृत्ती मिळू शकते, केंद्र सरकारची, पहिलीपासून पदवीपर्यंत, इयत्तेप्रमाणं वर्षाला 1 हजारापासून 25 हजारांपर्यंत. उत्पन्नाची अट आहे. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा, आईच्या कार्डाची आणि तुझ्या मार्कशीटची प्रत लागते, आणि बँक खातं तुझ्या नावाचं, आधारला जोडलेलं हवं. अर्ज सुरू झाला की पहिल्या आठवड्यात भर, शेवटच्या दिवशी ते पोर्टल चालत नाही.

आणि बाबांना दवाखान्यात घेऊन जाशील तेव्हा केसपेपर तूच वाच.